टपालने वाढवलेले तीन मीटर

वीस वर्षं जो माणूस आपल्या मागे राहिला, तो एका सकाळी आपल्या पुढे जाऊन उभा राहिला की कसं वाटतं, हे काचवाल्याला त्या रविवारी कळलं.

काचवाला म्हणजे घरांच्या खिडक्यांना आणि दुकानांच्या दर्शनी भागाला काचा बसवणारा कारागीर. वय त्रेपन्न. हात लांब, मान आखूड आणि बोलणं त्याहून आखूड. दिवसभर काचा सांभाळायच्या आणि सुटीच्या दिवशी मैदानावर जाऊन हातोडा फेकायचा, हा त्याचा तिशीपासूनचा नेम. "आमच्या घरात काच पण आहे आणि हातोडा पण," त्याची बायको सगळ्यांना सांगायची, "मध्ये मी उभी आहे म्हणून निभावतंय."

हा हातोडा काही खिळे ठोकायचा नव्हे. तारेच्या एका टोकाला लोखंडी गोळा, दुसऱ्या टोकाला मूठ. सिमेंटच्या गोलात उभं राहायचं, स्वतःभोवती तीन-चार गिरक्या घ्यायच्या आणि सोडून द्यायचा. पन्नाशी ओलांडलेल्यांच्या गटात गोळा सहा किलोंचा असतो. तिशीपुढच्या सगळ्या गटांच्या स्पर्धा वर्षातून दोनदा व्हायच्या, थंडीच्या आधी आणि थंडी सरल्यावर. बघायला येणारे म्हणजे स्पर्धकांच्या बायका, आणि त्याही विणकाम घेऊन.

त्यांत हातोडाफेकीत काचवाला पहिला आणि टपाल दुसरा, हे इतकं ठरलेलं होतं की प्रमाणपत्रं लिहिणारा माणूस ती आदल्या दिवशीच लिहून ठेवायचा. टपाल म्हणजे काचवाल्याचा मित्र. पोस्टमन. त्याच भागात पंचवीस वर्षं पत्रं वाटत होता, म्हणून सगळे त्याला टपालच म्हणायचे, त्याची बायकोसुद्धा. उंच, सडपातळ, गुडघ्यांची जरा कुरकुर असलेला. मागच्या वर्षी त्याने अडतीस मीटर ऐंशी सेंटिमीटर फेकला होता. त्याआधीच्या वर्षी साधारण तेवढाच. त्याआधी विचारायलाच नको.

त्या रविवारी काचवाल्याने चाळीस मीटर बाराची फेक केली. आपण घसरतोय हे त्याला ठाऊक होतं. पन्नासाव्या वर्षी त्याने त्रेचाळीस साठ फेकला होता. तरी जिंकायला चाळीस पुरेसे होते. मग टपाल गोलात शिरला, तीन गिरक्या घेतल्या, आणि गोळा असा काही गेला की गोलाभोवतीच्या जाळीपाशी उभ्या असलेल्या पंचाने मान वर करून त्याच्याबरोबर फिरवली. टेप धरणाऱ्याने आकडा दोनदा वाचला. एक्केचाळीस ऐंशी.

तीन मीटर! या वयात माणसाचे तीन मीटर कमी होतात, वाढत नाहीत.

बक्षीस घेऊन टपाल बाकावर आला आणि बुटाची नाडी सोडत बसला. नाडी सुटली तरी वाकलेलाच राहिला.

"काय खातोस काय तू?" काचवाल्याने विचारलं.

"काही नाही रे."

"तीन मीटर काही नाही?"

टपालने नाडी परत बांधली. "मेहुण्याच्या दुकानातल्या कॅप्सूल आहेत. हार्मोन वाढवतात म्हणे. पुरुषांचं. आपल्या वयात ते उतरतं ना."

"आणि मला बोलला नाहीस?"

"तू कुठे विचारलंस?"

दुसऱ्या दिवशी दुपारी काचवाला त्या दुकानात गेला. दुकानाच्या दर्शनी काचेकडे त्याचं आधी लक्ष गेलं; कुणीतरी घाईत बसवलेली, कडेने सीलंटचे ओघळ आलेले. मग काचेच्या आतलं दिसलं. टपालचा मोठा फोटो, हातात हातोडा, गालावर नसलेली लाली चढवलेली, आणि खाली ठळक अक्षरांत: "पन्नाशी? छे!"

टपालचा मेहुणा, म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ, काउंटरमागे उभा होता. त्याचे दंड शर्टाच्या बाह्यांत मावत नव्हते आणि बोलणं तोंडात मावत नव्हतं. "या दादा, तुमचीच वाट बघत होतो! टेस्टोस्टेरॉन तिशीपासून दर वर्षी एक टक्का उतरतं. शास्त्र आहे हे. तुमचं वय किती? आता तुम्हीच हिशेब करा."

काचवाल्याने हिशेब केला. आपण तेवीस टक्के कमी पुरुष आहोत असं निष्पन्न झालं. तो दोन मोठे डबे घेऊन घरी आला.

बायको शाळेची बस चालवायची. ती दुपारची फेरी संपवून नुकतीच घरात आली होती. तिने टेबलावरचा काळा डबा उचलला. वर सोनेरी बैल होता.

"अहो, हे काय?"

"ताकदीचं."

"कुणाची गेलीय?"

"माझी. तेवीस टक्के."

तिने त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. "मला तर कुठे कमी पडल्यासारखं वाटलं नाही," ती म्हणाली आणि डबा खाली ठेवला. पण नवरा एकदा हटून बसला की त्याच्याशी वाद घालणं म्हणजे भिंतीला ढकलणं, हे तिला चांगलं माहीत होतं.

सकाळी दोन, संध्याकाळी दोन. पहिले तीन आठवडे काचवाल्याला आपल्या अंगात वाघ शिरलाय असं वाटत होतं. तो पायऱ्या दोन-दोन चढायला लागला. आठवड्यातून तीनदा करायचा तो सराव सहादा करू लागला, तोही दुप्पट. पहाटे साडेचारला उठून मैदानावर, तिथून कामावर, कामावरून परत मैदानावर. एवढी ताकद आलीय तर ती वापरायला नको का? फेकीचे आकडे तो एका वहीत लिहायचा. चाळीस तीस. चाळीस शून्य पाच. एकोणचाळीस नव्वद. "औषधाला भिनायला वेळ लागतो," तो वहीलाच सांगायचा.

दुसऱ्या महिन्यात एका नव्या बूट-दुकानाची दर्शनी काच बसवायची होती. माणसाहून उंच, दोघांनी उचलायची. त्याचा जोडीदार, त्याच्याबरोबर बारा वर्षं काम करणारा शांत माणूस, काचेला चिकटवून ती उचलायचे सक्शन कप आणायला गाडीकडे गेला होता. काचवाल्याला थांबवेना. त्याने एकट्यानेच काच छातीशी घेतली आणि उचलली. ती उचलली गेली, दोन पावलं चाललीही. तिसऱ्या पावलाला उजव्या खांद्यात कट्‌ असा आवाज झाला. त्याने कशीबशी काच भिंतीला टेकवली आणि स्वतः तिच्या शेजारी टेकला.

जोडीदार धावत आला. "खांदा गेला?"

"आधी काच बघ," काचवाला दात आवळून म्हणाला. "कोपरा उडाला नाही ना?"

कोपरा शाबूत होता. खांद्याने मात्र तीन आठवडे घरी बसवलं. शहाण्या माणसाने इथे कानाला खडा लावला असता. काचवाल्याने उलटा अर्थ काढला. खांदा गेला म्हणजे ताकद अजून पुरी आलेली नाही. त्याने दोनाच्या तीन केल्या.

चौथ्या महिन्यात त्याला अन्नाचा वास नकोसा झाला. अंगाला खाज सुटायची, तळपायांना तर फारच. कामावर कुणी काही विचारलं की तो खेकसायचा, आणि मग आपणच का खेकसलो म्हणून घुम्यासारखा बसायचा. पाहावं तेव्हा दमलेला. एका शनिवारी सकाळी त्याने अर्धं अंडं ताटलीत तसंच ठेवलं. लग्नाला सव्वीस वर्षं झाली होती आणि या माणसाने ताटलीत काही ठेवलेलं बायकोने बघितलं नव्हतं.

"मळमळतंय," ती म्हणाली. तिने विचारलं नाही, सांगितलं.

"नाही."

"चाळीस मुलं मागे बसवून गाडी चालवते मी. कुणाला मळमळतंय हे मला आरशात नुसतं तोंड बघून कळतं. उठा. आणि तो तुमचा बैल पण घ्या बरोबर."

डॉक्टरबाईंचा दवाखाना एका बेकरीच्या वर होता. खोली लहान, खिडकीत कोरफडीची कुंडी, भिंतीवर माणसाच्या आतल्या सगळ्या भानगडींचं चित्र. डॉक्टरबाईंनी चष्मा कपाळावर चढवला आणि डब्यामागची बारीक अक्षरं डोळ्यांजवळ नेऊन शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. मग म्हणाल्या, "आजपासून बंद. सराव पण आठवडाभर नको. त्यानंतर सकाळी उपाशीपोटी येऊन रक्त द्या."

दहा दिवसांनी अहवाल घेऊन नवरा-बायको पुन्हा त्याच खुर्च्यांवर बसले.

"टेस्टोस्टेरॉन व्यवस्थित आहे तुमचं," डॉक्टरबाई म्हणाल्या. "तुमच्या वयाच्या निरोगी माणसाचं असतं तेवढं."

काचवाल्याचा चेहरा उजळला. "म्हणजे गोळ्यांनी वाढलं!"

"तसं मला वाटत नाही. दोन महिन्यांनी परत बघू, तेव्हा तुमची खात्री पटेल. पण हा आकडा बघा. लिव्हरचा. तिपटीने वर आहे. जोरदार व्यायामानेही थोडा वाढतो, म्हणून तर आठवडाभर थांबवलं तुम्हाला. हा व्यायामाचा नाही."

बायकोने विचारलं, "बरं होईल ना?"

"होईल. वेळेवर आणलंत. लिव्हर मोठं सोशीक असतं."

"पण मग," काचवाल्याने घसा खाकरला, "वर्षाला एक टक्का उतरतं, हे खोटं?"

"खोटं नाही. हळूहळू उतरतं, आणि शरीर तेवढ्यावर छान चालतं. काही जणांचं खरोखरच फार कमी असतं. त्यांना त्रासही होतो आणि त्यांच्यासाठी औषधही आहे. पण ते तपासून, डॉक्टरच्या नजरेखाली घ्यायचं. आणि ते घेऊन तुम्हाला स्पर्धेत उतरता येणार नाही, बंदी आहे त्यावर. एखाद्याला जस्त किंवा ड जीवनसत्त्व कमी पडत असेल, तर ते भरून काढल्यावर थोडा फरक पडतो. तुम्हाला काहीच कमी नाही. या डब्यात चौदा वनस्पती आहेत. कुठली किती, ते लिहिलेलंच नाही. असल्या डब्यांत कधीकधी न लिहिलेलंही सापडतं." त्यांनी चष्मा डोळ्यांवर घेतला. "झोपता किती?"

"पाच तास."

"काम?"

"दहा तास."

"आणि सराव आठवड्यातून सहा दिवस, दुप्पट. अहो, डबा कशाला आणलात? उशी आणायची."

बायको इतकी हसली की डॉक्टरबाईही हसल्या. काचवाला मात्र हसला नाही. त्याला एकदम टपाल आठवला होता. आपण चार महिने घेतलं तर ही गत. टपाल तर त्याच्याही आधीपासून घेतोय!

तो बायकोला घरी सोडायलाही थांबला नाही. तडक टपाल कार्यालयात गेला. मागच्या बाजूला पत्रं लावायची खोली होती. भिंतभर लाकडी कप्पे, प्रत्येक कप्प्यावर एका रस्त्याचं नाव, मधल्या टेबलावर पत्रांचे ढीग. टपाल एका हातावर गठ्ठा घेऊन उभा होता आणि न बघता पत्रं कप्प्यांत टाकत होता.

"बंद कर," काचवाला दारातूनच म्हणाला. "आज, आत्ता. माझं लिव्हर सुजलंय त्या गोळ्यांनी. तू तर माझ्या कितीतरी आधीपासून घेतोयस. आत्ता माझ्याबरोबर चल, रक्त तपासून घे. बाई चांगल्या आहेत. मी बोलतो त्यांच्याशी."

टपालच्या हातातला गठ्ठा टेबलावर पडला. त्याने काचवाल्याचा पिवळटलेला चेहरा बघितला आणि त्याचा स्वतःचा चेहरा पांढरा पडला. तो कोपऱ्यातल्या आपल्या लोखंडी कपाटाशी गेला आणि दार उघडलं. आत खाकी रेनकोट, जास्तीचे बूट, आणि खालच्या फळीवर नऊ काळे डबे. सोनेरी बैलांची रांगच. एकाचंही वरचं प्लास्टिक फाडलेलं नव्हतं.

"मी एकही घेतली नाही," टपाल म्हणाला.

काचवाल्याने एक डबा उचलून उलटसुलट करून बघितला.

"मेहुण्याने फोटो मागितला. बायकोचा भाऊ, नाही कसं म्हणणार? दर महिन्याला डबा पाठवतो. मी इथे आणून ठेवतो."

"आणि तीन मीटर?"

टपालने कपाटाचं दार लावलं, परत उघडलं. "एक बाई आहेत."

"काय?"

"तसं नाही रे! अडुसष्ट वर्षांच्या आहेत. शाळेत खेळ शिकवायच्या, आता निवृत्त आहेत. हातोड्यातलं त्यांना जेवढं कळतं तेवढं कुणालाच कळत नाही. मी दीड वर्षं जातोय त्यांच्याकडे. माझ्या गिरक्याच बदलून टाकल्या त्यांनी."

"मग सांगितलं का नाहीस?"

टपाल टेबलाच्या कडेवर बसला. "वीस वर्षं मी दुसरा आहे. तू कधी टोचून बोलला नाहीस, आणि तेच जास्त टोचायचं. मला एकदा, फक्त एकदा पुढे जायचं होतं. बाईंचं नाव सांगितलं असतं तर तू दुसऱ्या दिवशी तिथे हजर झाला असतास, आणि महिन्याभरात मी परत मागे. त्या दिवशी बाकावर तू विचारलंस आणि तोंडातून मेहुण्याचं दुकान निघून गेलं. वाटलं, हा एक डबा घेईल, फरक पडत नाही बघून फेकून देईल. मला काय माहीत, तू चार महिने..."

"चार महिने आणि अकरा दिवस," काचवाला म्हणाला आणि निघून गेला.

त्या दिवसापासून अबोला. पण पोस्टमनशी अबोला धरणं किती कठीण असतं, हे काचवाल्याला आधी सुचलं नव्हतं. टपाल रोज साडेअकराला दाराशी यायचाच. पूर्वी दोनदा बेल वाजवून "आहे का कुणी जिवंत?" म्हणून ओरडायचा, आता चोरासारखा यायचा आणि फटीतून पत्रं आत सरकवायचा. काचवाला डॉक्टरांच्या हुकुमाने घरी विश्रांती घेत होता. तो पडद्याआड उभा राहून त्याला येताना बघायचा, जाताना बघायचा. बायको घरी असली तर ती फाटकाशी जायची.

"भावजी, पाणी घेता?"

"नको वहिनी. बरा आहे का तो?"

"खातोय आता. चिडतोय पण नीट. पूर्वीसारखा."

दोन आठवडे हे चाललं. एका दुपारी काचवाला पडद्याआडून म्हणाला, "बघ, मान खाली घालून चाललाय. लाज वाटतेय. वाटू दे."

बायको बसच्या किल्ल्या शोधत होती. ती थांबली. "त्यांनी केलं ते वाईटच केलं. मला राग नाही असं समजू नका. पण एक सांगा. तुम्ही एकदा हरलात तर चार महिने विष खात बसलात. ते वीस वर्षं हरले आणि रोज तुमच्या दाराशी येऊन पत्रं देतात. कुणाचं काळीज मोठं?"

काचवाला पडद्याआडून बाजूला झाला आणि परत तिथे उभा राहिला नाही.

तिसऱ्या आठवड्यात पत्रांच्या गठ्ठ्यात एक बिनतिकिटाचं पाकीट आलं. टपालचं अक्षर, मोठं आणि गोल, जन्मभर दुसऱ्यांची वाईट अक्षरं वाचल्यामुळे मुद्दाम स्वच्छ ठेवलेलं. वर बाईंच्या मैदानाचा पत्ता होता. खाली लिहिलं होतं: "मंगळवार आणि शनिवार, सकाळी साडेसहा. मी मंगळवारी जाईन, शनिवार तुझा. म्हणजे माझं तोंड बघायला नको. दुकानातला फोटो उतरवायला लावला. बायको आठवडाभर बोलली नाही, मेहुणा अजून बोलत नाही, पण मला बरं वाटतंय. डबे परत नेऊन दिले. चुकलो. खांदा कसा आहे?"

काचवाल्याने पत्र दोनदा वाचलं. डॉक्टरबाईंना फोन करून हलका सराव चालेल का विचारलं. चालेल म्हणाल्या. मग तो मंगळवारी गेला.

"अहो, शनिवार लिहिलंय ना?" बायको म्हणाली.

"वाचता येतं मला," तो म्हणाला.

ते मैदान एका जुन्या शाळेच्या मागे होतं. सिमेंटच्या गोलाला तडे गेलेले, जाळी ठिकठिकाणी दोरीने शिवलेली. टपाल आधीच आलेला होता. काचवाल्याला बघून त्याने हातातला हातोडा खाली ठेवला आणि काय करावं न कळून परत उचलला. दोघांपैकी कुणी काही बोलायच्या आत बाई म्हणाल्या, "उभे काय राहिलात? मूठ धरा."

बाई घडीच्या स्टुलावर बसल्या होत्या. ठेंगण्या, पांढऱ्या केसांना करकचून गाठ, मांडीवर बंद छत्री. त्यांनी काचवाल्याला तीन फेकी करायला लावल्या आणि तिन्ही वेळा फक्त त्याच्या हातांकडे बघत राहिल्या. मग विचारलं, "काम काय करता?"

"काचा बसवतो."

"वाटलंच. तुम्ही हातोडा असा धरता की पडला तर फुटेल." त्या उठल्या आणि छत्रीच्या टोकाने त्याच्या कोपराला टोचलं. "हे बघा, वाकलेलं. छातीशी घेता त्याला. काच छातीशी घ्यायची असते. याला लांब जाऊ द्या. हात दोरीसारखे ढिले. तो तिकडे ओढेल, तुम्ही इकडे मागे बसा, खुर्चीत बसल्यासारखे. ओढायचं काम त्याचं आहे, तुमचं नाही."

"बाई, वयामुळे जोर कमी झाला असेल ना?"

"झाला असेल थोडा. पण तुमची चूक वयाच्याही आधीची आहे. तरुणपणी जोरावर खपून गेली, आता खपत नाही. बरं झालं. आता शिकाल."

काचवाल्याने हात ढिले सोडले. पहिली फेक जाळीत गेली. दुसरीही. तिसऱ्या वेळी दुसऱ्या गिरकीत त्याला एकदम जाणवलं की गोळाच त्याला फिरवतोय, आणि खांद्याला काहीच करावं लागत नाहीये. फेक काही लांब गेली नाही, पण असं त्याला तेवीस वर्षांत कधी वाटलं नव्हतं.

"डाव्या टाचेवर फिर," टपाल बाकावरून न राहवून बोलला, आणि लगेच ओठ मिटले.

"तू गप्प बस," काचवाला म्हणाला. एक गिरकी घेतली. मग त्याच्याकडे न बघता म्हणाला, "टाचेवर म्हणजे कसं? ये, दाखव."

टपाल असा उठला की त्याचे गुडघे कुरकुरायचे विसरले.

दोन महिन्यांनी डॉक्टरबाईंनी परत रक्त तपासलं. लिव्हरचा आकडा जागेवर आला होता. टेस्टोस्टेरॉन होतं तेवढंच होतं, उलट दोन दशांश जास्त. "म्हणजे चार महिने मी उगाच..." काचवाला म्हणाला. "उगाच," डॉक्टरबाई म्हणाल्या. तो आता सात तास झोपत होता, आठवड्यातून दोनच दिवस फेकत होता आणि ताटलीत काही ठेवत नव्हता.

थंडी सरल्यावर स्पर्धा आली. प्रमाणपत्रं लिहिणाऱ्याने या वेळी नावांच्या जागा रिकाम्या ठेवल्या होत्या. टपालने बेचाळीस मीटर वीस फेकला. काचवाल्याच्या पाच फेकी चाळीसच्या आसपास पडल्या. सहाव्या फेकीला तो गोलात उभा राहिला, हात लांब सोडले, आणि तिन्ही गिरक्यांत मागे बसून राहिला. एक्केचाळीस सत्त्याण्णव. तेवीस सेंटिमीटरने दुसरा. आपल्या जुन्या त्रेचाळीस साठपासून अजून लांबच. तरी तो गोलातून बाहेर आला तेव्हा बायकोने विणकाम खाली ठेवलं. तो हसत होता.

टपाल समोर येऊन जरा घुटमळला. "वाईट नाही ना वाटलं?"

"वाटलं," काचवाला म्हणाला. "पण भूक पण लागलीय. तुझ्या तिसऱ्या गिरकीत उजवा पाय आधी कसा पडतो, ते मला मंगळवारी सांग."

"सांगणार नाही."

"मग बाई सांगतील."

पण बाई त्या वेळी तिथे नव्हत्याच. ध्वनिक्षेपकावर पासष्टीपुढच्या महिलांची हातोडाफेक पुकारली गेली, आणि काचवाल्याने बघितलं तर गोलाकडे जाणाऱ्या रांगेत, पांढऱ्या केसांची गाठ आणखी करकचून बांधून, बाई उभ्या होत्या. त्यांनी दोघांनाही आधी काही सांगितलं नव्हतं. दोघे धावत जाळीपाशी गेले. बायकोही मागून आली.

बाईंचा हातोडा तीन किलोंचा होता. त्यांनी तो उचलला, दोनदा डोक्याभोवती फिरवला आणि अशा सहज गिरक्या घेतल्या की काचवाला श्वास घ्यायचा विसरला. गोळा निघाला तेव्हा बाई जागच्या जागी थांबल्या, एका पायावर, तो कुठे पडतो ते बघत.

"सत्तावीस चाळीस!" टेप धरणारा ओरडला. जाळीपाशी तिघांनी टाळ्या वाजवल्या. टपालने तर शिट्टी मारली.

बाई मात्र कपाळाला आठ्या घालून बाहेर आल्या. "डावा पाय घाई करतोय," त्या म्हणाल्या. "तुम्ही दोघं मंगळवारी लवकर या. मला फेकायचंय, आणि कुणीतरी नीट बघायला हवं."

"सहाला येतो, बाई," काचवाला म्हणाला आणि त्यांच्या हातातला हातोडा घेऊन गाडीकडे चालू लागला.